अर्कसर

झाडाखाली गेल्यावर बाकीच्यांना बसावंसं वाटतं. अर्कसरांना ते झाड सोलावंसं वाटतं. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात, रसायनशास्त्र विभागात, असा एक माणूस हमखास असतो. लग्नाला गेला तर मांडवाच्या दारातली आंब्याची डहाळी चुरगाळून हुंगतो. दहाव्याला गेला तर नदीकाठच्या अर्जुनाची साल नखानं खरवडून बघतो. चारचौघांत पावसाचा विषय निघाला, की पीकपाण्याचं न बोलता म्हणतो, "यंदा पावडरीला बुरशी धरली." त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वनस्पती असतात, काढून झालेल्या आणि काढायच्या राहिलेल्या. काय काढायचं, हे तो स्वतःच्या तोंडानं कधी सांगत नाही. फार खोदलं तर 'सायटोटॉक्सिक घटक' असं काहीतरी पुटपुटतो. गावाला एवढ्या लांब शब्दाची गरज नसते. गावानं ठरवलेलं असतं, की आपले सर कॅन्सरवर औषध शोधतायत.

आमचे अर्कसर नंदुरबार जिल्ह्यातले. त्यांचं खरं आडनाव पगारपत्रकावर आहे आणि तिथंच राहिलं आहे. अर्कसर हे नाव मुलांनी ठेवलं आणि ते त्यांना शोभतं, याबद्दल स्टाफरूममध्ये दुमत नाही. अंगानं किरकोळ, आवाज खणखणीत, खिशात पेनाच्या जोडीला काचेची एक केशनळी आणि बोटांची टोकं बारा महिने काळपट. एकदा मतदान केंद्रावर अधिकाऱ्यानं त्यांचं बोट उलटंसुलटं करून पाहिलं आणि जरा दबकत विचारलं, "सर, सकाळी येऊन गेलात का?"

बोटं काळी होण्याचं कारण बिब्बा. सरांनी पीएचडीसाठी झाड निवडलं ते बिब्ब्याचं. सातपुड्याच्या अंगाला ते भरपूर. आयुर्वेदात त्याला भल्लातक म्हणून मोठा मान, पण विटेच्या भुकटीत घोळून शुद्ध केल्याशिवाय कुणी हात लावत नाही. पायात काटा मोडला की त्याचा चटका, बाळंतिणीच्या लाडवात त्याची गोडंबी, दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीच्या जोडीला तोच काळा मणी. धोबी कपड्यांवर ज्या रसानं खूण करायचा तो रसही त्याचाच, आणि ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. इतक्या ठिकाणी लुडबूड करणाऱ्या फळात कॅन्सरच्या पेशींना अडवणारं काहीतरी असलंच पाहिजे, असं सरांना वाटलं. असं वाटणारे ते पहिले नव्हते. बिब्ब्यावर भरपूर शोधनिबंध आधीच होते. पण सरांचं म्हणणं, "लोकांनी अर्क तपासलाय. मला त्यातला कोण आहे तो हवाय."

या एका वाक्यात सगळे अर्कसर येतात. अर्क कुणीही काढतो. आपण चहा करतो तेव्हा अर्कच काढतो. पण अर्कात शेकडो पदार्थ एकमेकांत मिसळलेले असतात. त्यातला नेमका एक, एकटा, नावगाव आणि रचनेसकट बाहेर काढायचा, यात माणसाचं वय जातं.

आता बिब्ब्याची एक खोड सगळ्यांना माहीत आहे. तो उततो. त्याच्या तेलात भिलावनॉल नावाची जी मंडळी असतात त्यांचं अमेरिकेतल्या 'पॉयझन आयव्ही'शी जवळचं नातं. अंगावर एक थेंब उडाला तरी कातडी सुजते, फोड येतात, खाज सुटते. सरांनी हातमोजे घातले, खोबरेल चोपडलं, मुलांना टेबलाच्या दहा हात लांब ठेवलं. पण चष्मा नाकावर सरकवायची सवय काही गेली नाही. कॉलेजात बाहेरची तपासणी समिती यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बिब्बे फोडले आणि चष्मा सरकवला. दुसऱ्या दिवशी सरांचा उजवा डोळा दिसत नव्हता आणि डावा ओळखू येत नव्हता. प्राचार्यांनी त्यांना ग्रंथालयात मागच्या कपाटाआड लपवायचा प्रयत्न केला. पण समितीतल्या एका बाईंना ग्रंथालयच पाहायचं होतं. त्या दचकल्या. सर उठून उभे राहिले आणि सुजलेल्या ओठांनी म्हणाले, "घाबरू नका मॅडम. हा फक्त कच्चा अर्क आहे. शुद्ध केल्यावर असं होत नाही." संशोधन विभागाला समितीनं बरे गुण दिले, असं नंतर कळलं.

घरी वहिनींचा जाच वेगळा. औषधी साल उन्हात वाळवायची नसते, सावलीत वाळवायची असते. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड घालायची आणि साल पसरायची वेळ एकच येते. तेव्हा नवरा-बायकोत तह झाला आहे. ऊन वहिनींचं, सावली सरांची. सूर्य सरकला की दोघं आपापली चादर ओढत गच्चीभर फिरतात. शेजारपाजारच्या बायका हा खेळ बघायला त्याच वेळी आपापल्या गच्चीवर येतात. साल दळायला वहिनींचा जुना मिक्सर गेला, पाठोपाठ नवा गेला. केस वाळवायचं यंत्र मुलीसाठी आणलं होतं, ते प्रयोगशाळेत गेलं. तिथं ते काचपट्ट्या वाळवतं. सरांच्या प्रत्येक सदऱ्यावर धोब्याच्या खुणेसारखे ठिपके आहेत. वहिनी म्हणतात, "हरवले तरी सापडतील."

आणि प्रयोगशाळा! अर्क काढायला सॉक्सलेट नावाचं काचेचं उपकरण लागतं. खाली द्रावक उकळतं, वर त्याची वाफ थंड होऊन पावडरीवर ठिबकते, परत खाली येते. हे तासन् तास चालतं. वाफ थंड ठेवायला नळाचं वाहतं पाणी हवं. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि तेही पहाटे. सरांनी जुन्या कूलरचा पंप बादलीत सोडला आणि बर्फगोळेवाल्याकडून बर्फाची लादी लावून घेतली. गोळेवाला अजून सगळ्यांना सांगतो, की कॅन्सरच्या औषधात बर्फ माझा आहे. लाइट गेली की सगळं थांबतं. लाइट गेल्यावर अख्खं गाव वीज मंडळाला शिव्या देतं. अर्कसर तेवढे घड्याळात बघून वहीत लिहितात, '४ तास १० मिनिटे, खंड.'

अर्क निघाला की कॉलम. हा त्यांच्या आयुष्यातला खरा सोहळा. उभ्या काचेच्या नळीत पांढरी सिलिका भरायची, वर अर्काचा थर द्यायचा आणि वरून द्रावक सोडत राहायचं. मुलांना ते असं समजावतात: "ही दिंडी आहे रे. रस्ता सगळ्यांना एकच. पण काही वारकरी झपाझप चालतात, काही दर मुक्कामाला रेंगाळतात, काहींना वाटेत मामा भेटतो. म्हणून पंढरपुरात सगळे वेगवेगळ्या वेळी पोचतात. आपण वेशीवर बसून प्रत्येकाला वेगळ्या बाटलीत घ्यायचं." मग शे-दीडशे छोट्या बाटल्या, त्यांवर आकडे. प्रत्येक बाटलीतला थेंब केशनळीनं काचपट्टीवर ठेवायचा, पट्टी द्रावकात उभी करायची आणि २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरून ठिपके बघायचे. एकच ठिपका दिसला तर माल शुद्ध असण्याची आशा. दोन दिसले तर पुन्हा कॉलम. अंधाऱ्या कोपऱ्यात जांभळ्या उजेडात सर खुदकन हसले, की आम्ही समजतो, एक ठिपका. बहुतेक वेळा ते हसत नाहीत.

मी मराठीचा माणूस. माझ्या विषयात ठिपके दिसत नाहीत, त्यामुळे माझी डॉक्टरेट लवकर झाली.

परीक्षेच्या दिवशी मुलं प्रयोगशाळेच्या दाराला लिंबू-मिरची-बिब्बा बांधतात, फक्त सरांना डिवचायला. सर रागावत नाहीत. ते बिब्बा सोडवून हातात घेतात आणि विचारतात, "कुठून आणला? कुठल्या झाडाचा? तारीख काय? वनस्पतीशास्त्राच्या माणसानं ओळख पटवलीय का?" गोळा केलेल्या झाडाची फांदी दाबून, वाळवून, क्रमांक घालून वनस्पतिसंग्रहात ठेवल्याशिवाय त्यावरचं कुठलंही संशोधन ते मानत नाहीत. त्यांच्या मते दृष्ट न लागण्याचा प्रयोगसुद्धा त्यामुळेच फसतो.

विभागात फळ्याशेजारी, अग्निशामक नळकांड्याच्या वर, एक फोटो आहे. देवाच्या तसबिरीला लावतात तसा त्याला दर सोमवारी हार असतो. पाहुण्याला वाटतं, संस्थापक असतील. तो फोटो मनसुख वाणी यांचा. जन्म नंदुरबारचा, १९२५ चा. मुंबईत रसायनशास्त्र शिकले, अमेरिकेत डॉक्टरेट केली आणि १९६२ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या हाताखाली लागले. या जोडीनं १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल. दोन्हींतून कॅन्सरची औषधं झाली, जगभर वापरली गेली. सर त्यांना कधी भेटले नाहीत, पत्रही लिहिलं नाही, पण उल्लेख मात्र 'आमचे वाणीसाहेब' असा, चुलत्याबद्दल बोलावं तसा. "बारा किलो माल घेतला, अर्धा ग्रॅम टॅक्सॉल निघालं," हे वाक्य प्रथम वर्षाच्या प्रत्येक तुकडीला जूनमध्ये एकदा आणि फी वाढली की पुन्हा एकदा ऐकवलं जातं. बारा किलोला अर्धा ग्रॅम हा दर ऐकून मुलं वाणिज्य शाखेकडे वळतात, असं आमच्या उपप्राचार्यांचं निरीक्षण आहे.

वाणीसाहेब एप्रिल २०२० मध्ये गेले. बाहेर टाळेबंदी, कॉलेज बंद. सरांनी स्टाफच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री लांबलचक श्रद्धांजली टाकली. खाली पहिलं उत्तर आलं ते सुंठ-मिऱ्याच्या काढ्याच्या कृतीचं आणि दुसरं, 'खूप छान माहिती सर, पुढे पाठवतो.' सर दोन दिवस गटातून बाहेर पडले होते.

घाईचं त्यांना वावडं आहे आणि त्याला आधार पुन्हा वाणीसाहेबांचाच. कॅम्प्टोथेसिन मिळालं १९६६ मध्ये. माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, तर दुष्परिणाम इतके की थांबवाव्या लागल्या. ते पेशीत नेमकं कुठं बोट ठेवतं, हे कळायला १९८५ उजाडलं. त्यात फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान अमेरिकेच्या बाजारात आली १९९६ मध्ये. "तीस वर्षं," सर म्हणतात, "आणि तेही मिळाल्यानंतरची." प्राचार्य प्रगती अहवाल मागतात तेव्हा सर हेच सांगतात. प्राचार्यांना निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत.

स्टाफरूममध्ये त्यांचे दोन शत्रू. पहिले भूगोलाचे नाना. नानांना साखर आहे आणि ते रोज सकाळी अंगणातल्या सदाफुलीची फुलं चावतात. एकदा नाना ऐटीत म्हणाले, "याच सदाफुलीतून कॅन्सरचं औषध निघालंय. म्हणजे माझी साखरही जाते आणि कॅन्सरही होणार नाही." सरांनी चहा बाजूला ठेवला. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी: सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घ्यायचे. तिथून पानं कॅनडात नोबल आणि बिअर यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी अर्क उंदरांना दिला. साखरेला ढिम्म काही झालं नाही. उलट उंदीर जंतुसंसर्गानं मरायला लागले. का? तर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं हाच तर रक्ताच्या कॅन्सरचा रोग. १९५८ मध्ये त्यांनी व्हिनब्लास्टिन वेगळं करून जाहीर केलं. पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन आलं. "तेव्हा नाना," सर म्हणाले, "त्या उंदरांची साखर उतरली नाही, उंदीर उतरले. आणि व्हिन्क्रिस्टिनचा डोस एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाही, तोही शिरेतून, डॉक्टरच्या हातानं. जास्त झालं तर नसा जातात." नानांनी त्या दिवसापासून फुलं सोडली आणि पानं सुरू केली.

दुसरे शत्रू जास्त धोक्याचे, कारण ते त्यांच्याच विषयातले. शेजारच्या कॉलेजातले एक प्राध्यापक वर्षाला डझनभर शोधनिबंध छापतात. कुठलंही पान घ्यायचं, मिथेनॉलमध्ये बुडवायचं, चार परीक्षानळ्यांत चार रसायनं टाकायची आणि तक्ता करायचा: अल्कलॉइड अधिक, टॅनिन अधिक अधिक, सॅपोनिन वजा. शेवटी वाक्य ठरलेलं, की या वनस्पतीत कर्करोगविरोधी क्षमता असू शकते. सर त्यांना 'अधिक चिन्हाचे संशोधक' म्हणतात. त्या गृहस्थांना बढती मिळाली, जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला, आता ते पीएचडीचे मार्गदर्शक आहेत. माझं विचाराल तर या देशात झाडांतून सगळ्यात जास्त काही निघत असेल तर ते शोधनिबंध.

सरांचा अर्क मुंबईला तपासणीला गेला तेव्हा त्यांनी पार्सलला नमस्कार केला. पार्सलला नव्हे, 'हेन्रिएटाबाईंना'. ज्या पेशींवर जगभर अशी तपासणी होते त्यांतली हेला नावाची पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईंच्या गाठीतून १९५१ मध्ये बाल्टिमोरला घेतलेली, तीही त्यांना न विचारता. बाई त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारल्या. पेशी अजून वाढतायत. त्या तारखेला सर तासाला मुलांना दोन मिनिटं उभं करतात. मुलांना वाटतं गांधीजयंतीचं राहून गेलेलं काहीतरी आहे.

निकाल आला. अर्क प्रभावी होता. पेशी मेल्या होत्या. सरांनी ही गोष्ट फक्त लॅब अटेंडंट भाऊला सांगितली. भाऊनं फक्त चहावाल्याला सांगितली. चहावाल्याकडे वार्ताहर बसतो. तिसऱ्या दिवशी अर्ध्या पानावर मथळा: 'नंदुरबारच्या प्राध्यापकाने घातला कॅन्सरला बिब्बा!' सोबत सरांचा फोटो, सुजलेल्या दिवसाचा. तोच एक कॉलेजच्या संगणकावर होता.

मग आठ-दहा दिवस घराला जत्रा. कुणी फाइल घेऊन, कुणी नुसता फोन घेऊन, कुणी कॅप्सूलच्या कारखान्याचा आराखडा घेऊन. बाजारात बिब्ब्याचा भाव चढला. एका दुकानदारानं फळ्यावर लिहिलं, 'पेपरात आलेला बिब्बा येथे मिळेल.' सर सायकलवरून तिथं गेले आणि स्वतःच्या रुमालानं फळा पुसला. दुकानदार म्हणाला, "सर, पेशी मेल्या हे खोटं आहे का?" सरांचा आवाज चौकापर्यंत गेला. "फिनेल ओतलं तरी ताटलीतल्या पेशी मरतात! म्हणून पेशंटला फिनेल पाजशील? मारायच्या त्या मराव्यात आणि ठेवायच्या त्या राहाव्यात, हे कुणी तपासलं? पोटात गेल्यावर काय होतं, यकृताचं काय होतं, किती द्यायचं, काही ठाऊक आहे?" पुढाऱ्यांनी सत्कार ठेवला. सत्काराच्या भाषणातही सर हेच बोलले, पाऊण तास, शाल अंगावर असताना. त्यातला 'ताटली' हा एकच शब्द लोकांनी घरी नेला. दुसऱ्या दिवशी एक आजोबा विचारायला आले, ताटली स्टीलची चालेल का पितळेचीच हवी?

यानंतरचा भाग लवकर सांगतो, कारण तो सरांना लवकर संपावासा वाटतो. कच्चा अर्क मारत होता. पण त्याचे भाग वेगळे करत गेल्यावर कुठलाच भाग तेवढा मारेना. असं पुष्कळदा होतं. वॉल-वाणींची रीत अशी, की प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक भाग तपासायचा आणि जिथं जोर आहे त्याच वाटेनं पुढं जायचं. सरांकडे प्रत्येक बाटली तपासायला पैसे कुठले? अनुदान आलं होतं ते सिलिकेत संपलं. मग त्यांनी काचपट्टीवर सगळ्यात देखणा दिसणारा ठिपका धरला आणि त्याच्यामागे लागले. वर्षं गेली. पुन्हा कॉलम, पुन्हा बाटल्या. आणि एका मार्चमध्ये, मिथेनॉलमधून, पांढऱ्याशुभ्र सुया पडल्या. अगदी शुद्ध. एकच ठिपका. सर खुदकन नव्हे, मोठ्यानं हसले. प्राचार्यांनी पेढे मागवले. सुया रचना ठरवायला बाहेर पाठवल्या आणि एनएमआरचा आलेख परत आला.

बीटा-सिटोस्टेरॉल.

रसायनशास्त्रवाले एवढं ऐकून हळहळतील, बाकीच्यांसाठी सांगतो. बीटा-सिटोस्टेरॉल जवळपास प्रत्येक झाडात असतं. गव्हात असतं, मक्यात असतं, शेंगदाण्याच्या तेलात असतं. वनस्पतींतून काही काढायला बसलेल्या माणसाला आयुष्यात एकदा तरी ते भेटतंच, आणि जिथं दुसरंच कुणीतरी भेटायची आशा असते नेमक्या तिथं. वहिनींना कळलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मग दोन मिक्सर कशाला घालवले? शेंगदाण्याचा डबा दिला असता."

आम्ही सांत्वनाला गेलो तर सर वितळणांक घेत बसले होते. "एकशे छत्तीस ते सदतीस," म्हणाले. "पुस्तकात तेवढाच आहे. बघा, किती शुद्ध निघालंय." नंतर लिबरमन-बुर्चार्डची चाचणी करून दाखवली, नळीत सुरेख हिरवा रंग आला. नाना म्हणाले, "सर, हेच कॅन्सरवर चालतं असं नाही का लिहिता येणार? तसे निबंध असतील की." सरांनी नळी ठेवली आणि नानांकडे असं पाहिलं, की नानांना पानंही सोडावी लागली.

एकदा संध्याकाळी मी त्यांना विचारलं, की वाईट नाही वाटत? त्यांनी नरक्याची गोष्ट काढली. सह्याद्रीतलं साधं झाड, वासाला घाण. १९७२ मध्ये त्यात कॅम्प्टोथेसिन भरपूर असल्याचं कळलं. मग कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलातून पोतीच्या पोती खोडं तोडून चोरट्या वाटेनं निघाली. यूचं तेच, साल काढली की झाड मरतं, आणि ते वाढायला काही दशकं लागतात. "माझं काही निघालं नाही," सर म्हणाले, "ते सातपुड्यातल्या बिब्ब्यांच्या पथ्यावर पडलं." हे खरं की समजूत, ते सांगता येत नाही. ते बोलत होते तेव्हा त्यांच्या टेबलावर कुड्याची साल सावलीत वाळत होती.

भाऊची मावशी धडगावकडची. छातीत गाठ. वर्षभर तिनं कुणी सांगितल्या त्या लक्ष्मीतरूच्या पानांचा काढा घेतला, मग पेपरातलं ऐकून भाच्याकडे आली: सरांकडचा बिब्बा दे. सरांनी तिला खुर्ची दिली, पांढऱ्या सुयांची बाटली समोर ठेवली आणि म्हणाले, "मावशी, माझ्या बाटलीत आहे ते तुमच्या तेलाच्या डब्यातसुद्धा आहे. औषध सुरतेला आहे." आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तिला आणि भाऊला घेऊन स्वतः निघाले. रजा बिनपगारी. नंतरच्या फेऱ्यांनाही ते जात राहिले. डॉक्टर तिला बऱ्यापैकी आशा देत होते, असं भाऊ सांगतो. पुढची हकीकतही भाऊनंच सांगितलेली.

एका फेरीला सिस्टरनं नवी बाटली टांगली. सरांनी चष्मा सरकवून लेबल वाचलं आणि ताडकन उभे राहिले. पॅक्लिटॅक्सेल. म्हणजेच टॅक्सॉल. "मावशी, हे आपल्या नंदुरबारचं आहे!" ती बाटली अंगात जायला तीन तास लागतात. सरांना एवढा वेळ आणि एवढा श्रोतृवर्ग आयुष्यात कधी मिळाला नव्हता. शेजारच्या चार खाटांना त्यांनी मराठी, हिंदी आणि स्वतःच्या गुजरातीत वाणीसाहेब सांगितले, बारा किलोला अर्धा ग्रॅम सांगितलं, हे पाण्यात विरघळत नाही म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रावकात घालावं लागतं हेही सांगितलं. एरंडेल ऐकून एका आजीनं तोंड वाकडं केलं. सगळं ऐकून झाल्यावर मावशीनं विचारलं, "साल काढल्यावर ते झाड जगलं का, सर?"

आमच्या कॉलेजात एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सरांनी खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या आणि फ्रान्सपासून सुरुवात केली. तेवढ्यात सिस्टर आली. "काका, तमे बहार बेसो."

सर बाहेर बसले, पण उत्तर अर्धवट ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी औषधाच्या बिलामागे बारीक अक्षरात लिहिलं आणि भाऊच्या हाती आत धाडलं. भाऊनं खाटेपाशी उभं राहून, अडखळत, मोठ्यानं वाचलं: "आता साल लागत नाही. युरोपातल्या यूच्या पानांतून दहा-डीॲसिटिल-बॅकॅटिन-तीन काढतात. पानं पुन्हा फुटतात."

मावशीनं ते नाव दोनदा म्हणवून घेतलं आणि विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं का जेवणानंतर?"